माटोळीची शाळा

(मठाच्या वर्धापन महोत्सवातील व्याख्यान)



मुलांना निसर्गाची काळजी घ्यावयास कसे शिकवावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय शाळेचा. मठाच्या महोत्सवात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणाच्या मनात उद्भवली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु मुलाचे शिक्षण शाळेची घंटा झाली म्हणजे सुरू होते आणि दुसरी झाली म्हणजे संपते, असे कोणत्याही काळी नव्हते. घरातील देवघर, गावातील देऊळ, वर्षाचे सण आणि मठाचा उत्सव या सर्व शाळाच होत. किंबहुना, ज्या गोष्टी मनुष्य जन्मभर विसरत नाही त्यांतील पुष्कळशा गोष्टी तो याच शाळांतून शिकलेला असतो.

पुस्तकी शिक्षणाच्या बाजूने या विषयाची उपेक्षा झाली आहे, असे मात्र नाही. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश देताना पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने दिले जावे, असे सांगितले. त्यानंतर पाठ्यपुस्तके झाली, परीक्षा झाल्या, आणि त्या परीक्षा देऊन एक पिढी प्रौढही झाली. आजच्या मुलाला पृथ्वीचे तापमान का वाढते हे विचारले तर तो बिनचूक उत्तर देतो. ध्रुवप्रदेशातील हिम वितळत आहे, हेही त्यास ठाऊक असते. परंतु त्याच मुलाला घराच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचे नाव विचारावे, तर तो आईकडे पाहतो. आई आजीकडे पाहते. आणि आजी जर हयात नसेल, तर तो प्रश्न तेथेच अनुत्तरित राहतो. ज्याचे नाव ठाऊक नाही ते नाहीसे झाले तरी कळत नाही, आणि जे नाहीसे झालेले कळत नाही त्याबद्दल हळहळ वाटणे शक्य नाही. म्हणून या विषयात पहिली पायरी परिचयाची, दुसरी प्रेमाची आणि तिसरी पालनाची, हा क्रम ध्यानी घ्यावा लागतो. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारावयास मुलांना सांगितले, तर घोषणा तेवढ्या पाठ होतात.

परिचयाने काय घडते याचे एक उदाहरण गोमंतकाशी निगडित आहे. मांडवी नदीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाशी खारफुटीचे रान आहे. सुमारे 1.78 चौरस किलोमीटरांचे हे रान 1988 साली पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले व त्यास डॉ. सलीम अली यांचे नाव देण्यात आले. हे सलीम अली 1896 साली जन्मले, लहानपणीच मातापित्यांस अंतरले आणि मामाच्या घरी मुंबईस वाढले. बालवयात त्यांना छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा छंद होता. 1908 च्या सुमारास त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामास विचारले. मामास सांगता येईना. तेव्हा त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या संस्थेकडे पाठविले. तेथे डब्ल्यू. एस. मिलर्ड नावाचे सचिव होते. एका पोरसवदा मुलाने कागदात गुंडाळून आणलेला मेलेला पक्षी पाहून त्यांना त्यास रागे भरता आले असते. जीवहत्येवर चार शब्द सुनावता आले असते. अथवा काम आहे, पुढे केव्हातरी ये, असेही म्हणता आले असते. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले, आणि संस्थेची कपाटे उघडून त्यांतील पक्ष्यांचे नमुने एकामागून एक त्या मुलासमोर मांडले. पुढे त्या मुलाने आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासास वाहिले, ही सर्वश्रुत गोष्ट आहे.

या कथेत वडीलधाऱ्या मंडळींनी लक्षात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. ज्यास उत्तर येत नव्हते त्या मामाने प्रश्न दडपला नाही. ज्यास येत होते त्या मिलर्ड साहेबांनी उत्तर देण्यास वेळ काढला. मुलाचे कुतूहल हे निरांजनाच्या ज्योतीसारखे असते. वाऱ्याची एक झुळूक तिला पुरते. आणि कोणी हाताचा आडोसा केला, तर तीच ज्योत रात्रभर गाभारा उजळते.

अशी संस्था आणि असे सचिव प्रत्येक गावी कोठून आणावेत, असे कोणी म्हणेल. गोमंतकातील हिंदू कुटुंबाला ते आणावयास नकोत. भाद्रपद महिन्यात त्याच्या घरी छताला एक संग्रहालयच टांगलेले असते. त्याचे नाव माटोळी.

चवथीच्या दिवशी गणेशमूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगावयाची आणि तिला त्या ऋतूत परसात, मळ्यात व रानात जे जे फळते-फुलते ते बांधावयाचे, अशी ही प्रथा आहे. नारळ, सुपारीचे घड, चिबूड, काकड्या, अंबाडे ही घरची संपत्ती; आणि कांगल्यांचे घोस, नारिंगी-तांबडी कवंडळे, ज्वालेसारखी फुले येणारी कळलावी ही रानाची. ती बांधावयास कित्येक घरी कुंभ्याच्या सालीचे दोर घेत; सुतळी किंवा तार लागत नसे. आरतीच्या वेळी टाळ वाजविणारे मूल मान वर करून पाहते, तेव्हा त्याच्या मस्तकावर सह्याद्रीच्या पायथ्याचा सारा वर्षाऋतू लोंबत असतो. देवाला अर्पण करावयाच्या वस्तूंत पिकविलेल्या फळाबरोबर आपोआप उगवलेल्या रानफळालाही तोच मान ज्यांनी दिला, त्यांच्या रसिकतेचे व दूरदृष्टीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु माटोळीचे खरे शिक्षण ती टांगल्यावर नव्हे, तर टांगण्यापूर्वी होत असे. चवथीच्या आधी घरातील जाणता पुरुष मुलांना घेऊन डोंगरास जाई. कोणती वेल ओलसर घळीत सापडते आणि कोणती उन्हाच्या कडेला, कोणते फळ दिसावयास मोहक पण जिभेला कडू, कोणत्या झाडाचा कंद विषारी म्हणून त्यास हात लावल्यावर हात धुवावयाचा, हे त्या वाटेवर कळे. कळलावीचे फूल सुंदर आहे आणि तिच्या कंदात प्राणघातक विष आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवावयास शिकणे म्हणजे निसर्गाचा आदर करावयास शिकणे होय. जाणता मनुष्य घोस तोडी, वेल ओढीत नसे. कारण पुढल्या भाद्रपदात त्यास त्याच ठिकाणी यावयाचे असे. ‘पुढल्या वर्षी लवकर या’ असे देवास विनविणाऱ्याने पुढल्या वर्षाची वेल शिल्लक ठेवली पाहिजे, हे सांगावयास व्याख्यान लागत नसे.

गोमंतकाबाहेर बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या भाविकांकडे माटोळी नसेल. पण गणेशाच्या पूजेतील एकवीस पत्री तर आहेत. दूर्वा, शमी, बेल, आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली, अर्जुन ही नावे पूजा सांगणारे गुरुजी उच्चारतात आणि यजमान ताटातील हाताला लागेल ते पान वाहतो. आघाडा व माका यांना रस्त्याकडेचे तण म्हणून उपटून टाकणाऱ्या हातांनीच ती पाने देवाला वाहावयाची असतात, हे कितीशा मुलांना ठाऊक असते? बाजारातून आणलेल्या पुडीत एकवीस प्रकारची पाने आहेत की एकाच झाडाची एकवीस, याची चौकशी करणारे घर विरळा.

येथे या विषयाचा कठीण भाग येतो. माटोळीचे साहित्य आता बहुतेक घरी बाजारातून येते. चवथीच्या आधी म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव येथे त्याचे बाजार भरतात. डोंगराळ भागातील कष्टाळू स्त्रिया ते साहित्य मोटेने आणून विकतात. त्यांच्या चार पैशांबद्दल कोणास आकस असण्याचे कारण नाही. परंतु एका घरापुरती लागणारी वस्तू जेव्हा शहरापुरती लागू लागते, तेव्हा घोसाऐवजी फांदी आणि फांदीऐवजी वेल तोडली जाण्याचा धोका उत्पन्न होतो. त्यातच माटोळीच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्यांनी या प्रथेला नवा उत्साह दिला, नव्या पिढीचे तिच्याकडे लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र वस्तूंची संख्या शेकड्यांत गेली आणि दुर्मिळ वस्तूला अधिक गुण मिळू लागले, तर जे दुर्मिळ आहे तेच आधी तोडले जाईल. शोभेसाठी रान ओरबाडले गेले, तर माटोळी हा रानाचा सन्मान न राहता रानावरील घाला होईल; आणि मूल जर हेच पाहील, तर तेवढेच शिकेल.

देवरायांच्या बाबतीतही असेच घडत आहे. सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राय म्हणून प्रसिद्ध असलेले देवरान आहे. पाणथळ जमिनीत रानजायफळाच्या जातीचे वृक्ष तेथे उभे आहेत. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीवर येतात. अशी पाणथळ जंगले सह्याद्रीत आता फार थोडी उरली आहेत, आणि हे एक उरले ते देवाचे म्हणून. येथील फांदी मोडू नये, पाने नेऊ नयेत, या मर्यादेने पिढ्यानुपिढ्या ते राखले.

ही मर्यादा पुष्कळ अंशी भयावर उभी होती. देव कोपेल या भीतीने कुऱ्हाड थांबत असे. शिक्षणाने ते भय कमी झाले, आणि ज्ञानाने त्याची जागा घ्यावयास हवी होती ती सर्वत्र घेतली गेली नाही. भय गेले आणि ज्ञान आले नाही, अशा मधल्या काळात रानांचा नाश होतो. कित्येक ठिकाणी तर देवाच्या नावानेच देवराई तोडली जाते. जुने छोटे स्थान मोडून सिमेंटचे मोठे देऊळ बांधावयाचे, त्यासाठी जागा हवी, म्हणून चारशे पावसाळे पाहिलेला वृक्ष आडवा करावयाचा. ज्याच्या सावलीत देव नांदला, तो वृक्ष देवाच्या सोयीसाठी पाडला, हे मुलांना कोणत्या शब्दांत समजावून सांगावे?

म्हणून मुलाने ‘येथील फांदी का तोडू नये’ असे विचारले असता ‘देव रागावेल’ एवढ्यावर थांबू नये. या रानाच्या मुळांनी पावसाचे पाणी धरून ठेवलेले असते. त्याखालचा झरा वैशाखातही वाहतो तो त्यामुळे. त्या झऱ्यावर खालच्या वाडीची पोफळी-माडाची बागायत जगते. येथील वटवाघळे व पक्षी बिया नेऊन डोंगरावर पेरतात, हे त्यास सांगावे, आणि शक्य तर चैत्रात नेऊन तो झरा दाखवावा. पूर्वजांनी या उपकाराला देव म्हटले, असे त्यास कळले म्हणजे त्याची श्रद्धा उणावणार नाही. तिला डोळे येतील.

मुलांना या विषयाची गोडी लावताना एक अपथ्य कटाक्षाने टाळले पाहिजे. पृथ्वी बुडणार, नद्या मरणार, तुमच्या वाट्यास काही उरणार नाही, असे भयंकर चित्र कोवळ्या मनापुढे रंगविण्याची रीत सध्या फार वाढली आहे. त्यातील पुष्कळ गोष्टी खऱ्याही आहेत. परंतु ज्या संकटावर आपल्या हातून काहीच होण्यासारखे नाही असे मुलाला वाटते, त्याकडे ते पाठ फिरविते. शिवाय, मोठ्यांनी केलेला पसारा मुलांनी आवरावा, ही अपेक्षाही न्यायाची नव्हे. मुलांकडे जगाच्या रक्षणाचा भार देऊ नये. एक वेल द्यावी, एक झाड द्यावे, विहिरीचा एक काठ द्यावा. तेवढे त्यांना पेलते, आणि पेलले म्हणून त्यांस अभिमान वाटतो.

मोठी माणसे स्वतः बदलू शकतात, याचा दाखला गोमंतकाच्या किनाऱ्यावर आहे. पेडण्यातील मोरजी, काणकोणातील आगोंद व गालजीबाग येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात निघून जाते, आणि सुमारे दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात. एके काळी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिले, तथापि केवळ कायद्याने वाळूवर रात्री पहारा बसत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात वनखात्याच्या साहाय्याने गावकरीच घरट्यांची राखण करू लागले. ज्या गावात अंडी उकरली जात त्याच गावातील मूल आज हाताच्या तळव्याएवढे पिल्लू लाटेकडे धावताना पाहते. एका पिढीने सवय मोडली म्हणून दुसऱ्या पिढीला हे दृश्य लाभले.

हाच न्याय उत्सवाला लागू होतो. मठात हजारो भाविकांची पंगत बसते. तेथे केळीचे पान किंवा पत्रावळ असते की प्लास्टिकचे ताट, हे मूल पाहते. थर्मोकोलची आरास आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेले यांसारख्या एकदाच वापरून फेकण्याच्या वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींस मनाई केली. चिकणमातीची मूर्ती पाण्यात विरघळून मातीत मिसळते. प्लास्टरची मूर्ती तशी विरघळत नाही, आणि ओहोटीनंतर भग्न होऊन काठावर पडलेली आढळते. आदल्या दिवशी ज्यास मोदकाचा नैवेद्य दाखविला त्याची ती अवस्था मुलाने पाहिली, तर त्याच्या मनाला काय वाटत असेल? निर्मल वस्तूचे निर्माल्य होते. ते प्लास्टिकच्या पिशवीसकट नदीत टाकले की त्याचा मळ होतो. हे आचरण सुधारले नाही तर कोणताही उपदेश मुलांच्या कानावरून निघून जाईल, आणि तो तसा निघून जाणेच योग्य ठरेल.

मग करावे तरी काय? मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. मठाच्या व गावोगावच्या देवस्थानांच्या आवारात माटोळीच्या व पत्रीच्या झाडांची लहानशी वाटिका करता येईल. कांगलीचा वेल, कवंडळ, अंबाडा, कुंभा, शमी, अर्जुन, बेल यांची रोपे बियांपासून तयार करावयाचे काम मुलांच्या हाती द्यावे, आणि प्रत्येक मुलास एक रोप घरी न्यावयास मिळावे. मात्र रोप लावण्याचा समारंभ आषाढात झाला म्हणजे काम संपत नाही. आषाढात रोपाला मेघ पाणी घालतात; मुलाची खरी परीक्षा फाल्गुनापासून मृगापर्यंत असते. म्हणून लावणीच्या दिवशी छायाचित्र काढण्याऐवजी दुसऱ्या मृगाला जगलेले रोप पाहून पाठ थोपटावी.

दुसरे काम वहीचे. घराघरांतून आजी-आजोबांना विचारून माटोळीच्या प्रत्येक वस्तूचे नाव, ती कोठे व केव्हा मिळते, तिचा औषधाला किंवा खाण्याला उपयोग काय, हे मुलांनी लिहून काढावे. एकेका गावात एकाच वेलीला दोन-तीन नावे असतात. ती सर्व टिपावीत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. झाड तोडले तर दुसरे लावता येते. नावे जाणणारे अखेरचे माणूस घरातून गेले की ते ज्ञान परत आणावयास कोणतीही रोपवाटिका नसते.

तिसरे, माटोळीत जे बांधावयाचे ते मुलांनी ओळखून बांधावे. स्पर्धा घ्यावयाची असेल तर गुण वस्तूंच्या संख्येला न देता मुलाला त्यांतील किती वस्तूंची माहिती सांगता येते आणि किती वस्तू त्याने स्वतः वाढविल्या आहेत, यांस द्यावेत. दुर्मिळ झालेली वस्तू तोडून आणू नये. तिचे चित्र काढून लावावे, आणि ती का आणली नाही हे मुलाने पाहुण्यांस सांगावे. त्या चित्राने देवाच्या पूजेत उणेपणा येईल, असे मानण्याचे कारण नाही.

चौथे, विसर्जनानंतर माटोळीतील फळे, बिया व पाने यांची वाट काय लागते हे पाहावे. बिया वाळवून पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवाव्यात, उरलेले परसातील खड्ड्यात पुरावे. त्या खड्ड्याचे खत त्याच वेलींना घालावे. घेतलेले परत देण्याचा हा धडा मूल एकदा स्वतःच्या हाताने शिकले, म्हणजे पुस्तकातील निसर्गचक्राची आकृती त्यास निराळी पाठ करावी लागत नाही.

सज्जनहो, मुलांना वारसा द्यावयाचा म्हणून माणसे घर बांधतात, दागिने घडवितात, ठेवी ठेवतात. खानापूरच्या डोंगरात उगम पावून गोमंतकात येणारी म्हादई, तिच्या काठची रानी वेल, वैशाखात वाहणारा झरा हाही वारसाच आहे. परंतु तो कागदावर सही करून हस्तांतरित होत नाही. ज्याने हाताने पाणी घातले, नाव ओळखले, तोडताना हात आखडला, त्यालाच तो मिळतो. तो देण्याची वेळ दरवर्षी भाद्रपदात येते. येत्या चवथीस ज्या घरातून एखादे मूल जाणत्या माणसाचे बोट धरून डोंगराची वाट चालेल, एक घोस तोडून वेल तशीच ठेवील आणि घरी येऊन तिचे नाव सर्वांना सांगेल, त्या घरची पूजा श्रीगजाननाच्या चरणी खरोखर रुजू होईल.